तेलाची टाकी दिवाळीपासून तेवढीच

पत्र मालवण तालुक्यातल्या एका वाचकाचं आहे. नावगाव गाळून, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

वय ३४. घरची मासेमारी, पण गेली काही वर्षं फायबरच्या होडीतून पर्यटकांना डॉल्फिन दाखवणं आणि नदी-समुद्राच्या संगमावर फिरवून आणणं हाच मुख्य धंदा. गणपतीनंतर सेकंडहँड ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन घेतलं, ऑइल इंजेक्शनवालं, म्हणजे वेगळ्या टाकीतून तेल आपोआप घेणारं. त्याचा बझर अधूनमधून पिप-पिप करतो. खाडीत गप्प असतो, बाहेर लाटांवर गेलं की सुरू होतो, परत आत आलं की बंद. पर्यटक घाबरतात. एका कुटुंबाने तर अर्ध्यातून परत फिरायला लावलं आणि पैसे परत मागितले. मेकॅनिक म्हणतो, बझरची वायर कापून टाकू आणि ही इंजेक्शनची भानगडही काढू, पेट्रोलमध्ये तेल मिक्स करून चालवा. ६८ वर्षांच्या बाबांचं मतही तेच: 'आमच्या टायमार ह्यां कायएक नव्हतां, तरी इंजिनां चलत होतीच मां?' त्यांचा इंजेक्शनवर काडीचा विश्वास नाही. आजही कॅनमध्ये ते स्वतःच्या हाताने तेल ओततात. मर्चंट नेव्हीतला मेव्हणा उलट सांगतो: कंपनीने दिलेली सिस्टिम काढायची नाही, बाबांना तेल ओतायचं बंद करायला सांग, डबल तेलाने इंजिनाची वाट लागेल. घरात रोज यावरून वाद. शेवटी ते लिहितात, 'इंजिन तसं चांगलं आहे. तेलही खात नाही. ऑइलची टाकी दिवाळीपासून तेवढीच आहे, एकदाही भरावी लागली नाही. मग बझर खोटाच वाजतो ना? कोणाचं ऐकू?'

नमस्कार,

तुमचं पत्र मी एकदा वाचून बाजूला ठेवलं होतं. रात्री त्यातलं शेवटून तिसरं-चौथं वाक्य आठवलं आणि उठून परत काढलं. तेलाची टाकी दिवाळीपासून तेवढीच आहे, हे तुम्ही इंजिनाचं कौतुक म्हणून लिहिलंय. माझ्या मते सगळ्या पत्रात काळजी करण्यासारखं तेवढंच आहे.

आधी हिशेब करू. तुम्ही किती पेट्रोल जाळता ते लिहिलेलं नाही, पण सीझनमध्ये दिवसाला दोन-तीन फेऱ्या धरल्या तर १५ लिटर कुठे गेलं नाही. साठ दिवसांचे झाले ९०० लिटर. टू-स्ट्रोक आउटबोर्डला पूर्ण वेगात साधारण ५०:१ तेल लागतं, म्हणजे लिटरमागे २० मिली. इंजेक्शनचा पंप हळू चालताना कमी तेल देतो, १००:१ किंवा त्याहूनही कमी. आपण सगळीकडे १००:१ धरलं तरी ९०० लिटरला ९ लिटर तेल जायला हवं होतं. तुमच्या इंजिनाच्या झाकणाखालची टाकी असेल लिटर-दीड लिटरची. म्हणजे दिवाळीपासून ती निदान सहा वेळा भरावी लागायला हवी होती. तुम्ही एकदाही भरली नाही.

टू-स्ट्रोक इंजिन 'तेल खात नाही' असं होतच नाही. मोटारीसारखं त्याच्या पोटात खाली तेल साठवलेलं नसतं. पेट्रोलबरोबर तेल क्रँककेसमध्ये जातं, बेअरिंगला, पिस्टनला, रिंगांना लागतं आणि पुढे जळून धुरातून निघून जातं. खाणं हेच त्याचं काम. चेतक स्कूटर घेऊन पंपावर गेलेल्यांना आठवत असेल, पेट्रोलबरोबर टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल मापाने टाकून घ्यायला लागायचं. पुढे आरएक्स १०० आली, तिला तेलाची टाकी वेगळी होती आणि पंप आपला आपण तेल द्यायचा. यामाहाने मोटरसायकलींत ही ऑटोल्यूब पद्धत १९६४ साली आणली होती. आउटबोर्डमध्ये ती १९८०च्या दशकात सर्रास आली. तुमच्या इंजिनाचं ऑइल इंजेक्शन म्हणजे तत्त्वाने तेच: एक टाकी, एक छोटा पंप, आणि पंपाला थ्रॉटलशी, म्हणजे वेगाच्या झडपेशी, जोडणारा दांडा. थ्रॉटल उघडला की पंपही जास्त तेल सोडतो.

तर टाकी उतरत नाही याचे अर्थ दोनच. एक तर तुमचा पंप तेल देत नाही. किंवा पंप जोडलेलाच नाही! सेकंडहँड इंजिनात हे दुसरं फार आढळतं. आधीचा मालक पंप काढतो, टाकी आणि वायरी तशाच ठेवतो, कारण विकताना 'ऑइल इंजेक्शनवालं' म्हटलं की दोन पैसे जास्त येतात. झाकण उघडा आणि टाकीच्या बुडातून निघणारी नळी बोटाने धरून शेवटपर्यंत जा. नळीच्या टोकाला बोल्ट ठोकून वरून क्लिप आवळलेली दिसली, तर जी भानगड काढायची का म्हणून तुम्ही मला विचारताय, ती तुमच्या आधीच कोणीतरी काढून ठेवली आहे.

दोन्हींपैकी काहीही असो, इंजिन अजून चालतंय ते फक्त एका कारणाने. बाबा ओततात त्या तेलावर.

मेव्हण्याचा सल्ला पुस्तकात बरोबर आहे. चालू इंजेक्शन असताना वरून ५०:१ मिक्स घातलं तर तेल जवळजवळ दुप्पट होतं, धूर वाढतो, प्लग काळे पडतात, रिंगांवर कार्बन बसतो. पण त्यांनी तुमची टाकी पाहिलेली नाही. त्यांचं ऐकून बाबांना थांबवलं असतंत, तर कोरड्या, म्हणजे बिनतेलाच्या, पेट्रोलवर इंजिनाने पूर्ण वेगात फार वेळ काढला नसता. पिस्टन चिकटला असता, आणि कुठे? जिथे थ्रॉटल पूर्ण उघडावा लागतो तिथे, कर्ली नदीच्या मुखाशी, होडीत आठ-दहा माणसं असताना. त्यामुळे या पत्रातली पहिली आणि घाईची सूचना एवढीच: पंप चालतो याची खात्री होईपर्यंत बाबांचं तेल एक दिवसही बंद करू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. बझर खोटा वाजतोय का?

'इंजिन चालतंय म्हणजे बझर खोटा' हे गृहीतक मी किनाऱ्यावर इतक्यांदा ऐकलंय की त्यावर वेगळा लेख होईल. बझरला इंजिनाची तब्येत कळत नाही. त्याला एखाद-दुसरी गोष्ट कळते, आणि ती कोणती हे आपल्याला ठाऊक हवं. तुमच्यासारख्या इंजिनात तेलाच्या टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, त्यात लोहचुंबक. तेल खाली गेलं की फ्लोट खाली येतो, आतला स्विच जुळतो आणि बझर बोलतो. तुमची टाकी कित्येक महिने एकाच पातळीवर अडकून आहे, बहुधा खुणेच्या अगदी काठावर. खाडीत पाणी शांत, फ्लोट स्थिर, बझर गप्प. बाहेर होडी आपटायला लागली की तेल हिंदकळतं, फ्लोट खाली-वर होतो, बझर पिप-पिप करतो. बझर खरं बोलतोय. 'तेल कमी आहे' एवढंच सांगतोय, आणि तेल कमी आहेच.

पण यातली खरी मेख पुढे आहे. फ्लोट टाकीत तेल किती आहे ते पाहतो. तेल पुढे इंजिनात जातंय का, हे त्याला दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली, पंप मेला, नळी तुंबली किंवा नळीत हवा अडकली, तरी असा बझर तोंड उघडणार नाही. म्हणून उद्या तुम्ही टाकी भरलीत आणि बझर थांबला, तर 'दुखणं गेलं' म्हणून बसू नका. अशा वेळी थांबलेला बझर वाजणाऱ्यापेक्षा जास्त फसवतो.

सगळ्या इंजिनांत असं नसतं, हेही सांगायला हवं, कारण हे सदर वाचणाऱ्यांकडे वेगवेगळी इंजिनं आहेत. जॉन्सन-एव्हिनरूडच्या व्हीआरओ (तेलाचं प्रमाण बदलणाऱ्या) पंपात, जो १९८४ साली आला, तेल आणि पेट्रोल एकाच पंपातून जातं. त्यांच्या नंतरच्या इंजिनांत तेल वाहायचं थांबलं तर त्याचा वेगळा इशारा असतो. १९९६ नंतरच्या त्यांच्या मीटरमध्ये चार दिवे दिसतात: तेल कमी, तेल नाही, इंजिन गरम, इंजिन तपासा. मर्क्युरीच्या मोठ्या व्ही-सिक्स इंजिनांत तेलाच्या पंपाचा दांडा फिरतोय की नाही हे पाहणारा सेन्सर असतो, कारण पंप फिरवणारी प्लास्टिकची गिअर झिजू शकते. यामाहाच्या बऱ्याच टू-स्ट्रोकमध्ये हिरवा, पिवळा, लाल असे दिवे असतात, आणि लाल लागला की बझरबरोबर इंजिन आपोआप २००० आरपीएमच्या आसपास उतरतं. पुष्कळ तांडेल (होडी चालवणारे) त्याला 'इंजिन दम तोडतंय' म्हणतात आणि कार्बोरेटर उघडून बसतात. इंजिन दम तोडत नसतं, स्वतःला वाचवत असतं. तर एकाच्या इंजिनाचा पिप-पिप दुसऱ्याच्या इंजिनाला लावू नये. आपल्या मॉडेलचं पुस्तक मिळवावं, इशाऱ्यांचं पान फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावं. आणि फोर-स्ट्रोकवाल्यांनी या पत्रातलं तेलाचं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. तिथे तेलाचा इशारा म्हणजे प्रेशर गेलं, लगेच इंजिन बंद.

आता वायर कापायची का?

नाही. आणि याचा ऑइल इंजेक्शन ठेवण्या-काढण्याशी काही संबंध नाही. मेकॅनिकने दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात सांगितल्या आणि तुम्ही त्या एक समजलात. तोच बझर इंजिन तापल्याचाही इशारा देतो. तेलाच्या पिप-पिपला कंटाळून वायर कापली की गरम झाल्याची बोंबही त्याच वायरीबरोबर गेली. संगमावर वाळू किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. ती वाळू इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपात जाते, त्यातलं रबरी चाक (इम्पेलर) खाते, आणि एक दिवस मागून येणारी पाण्याची धार बारीक होते.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दाभोळ खाडीत आम्ही चौघे एका मित्राच्या होडीत होतो. त्याच्या बझरवर त्याने कापूस कोंबून वरून चिकटपट्टी मारली होती. 'रोजचीच कटकट आहे' म्हणाला. मध्यावर इंजिनाचा आवाज बदलला, जड झाला, आणि कोणी काही म्हणायच्या आत खटकन थांबलं. दोरी ओढली तर फ्लायव्हील जागचं हलेना. वल्ही मारत किनाऱ्याला आलो, ओहोटी होती, सव्वा तास लागला. दुसऱ्या दिवशी खालचा भाग पाहिला तर पाणी ओढायच्या जाळीवर दुधाची पिशवी घट्ट बसलेली. हेड काढल्यावर वरच्या पिस्टनच्या एका बाजूला नखांनी ओरबाडावं तशा उभ्या रेघा होत्या आणि अ‍ॅल्युमिनियम सिलेंडरला पुसल्यासारखं लागलं होतं. कापूस अजून बझरमध्येच होता. तो काढून मी चावी फिरवली. बझर अगदी छान वाजला.

तेव्हा पुढच्या रिकाम्या दिवशी, म्हणजे वारा असेल त्या दिवशी, होडी किनाऱ्यावर असताना एवढं करा.

पहिल्यांदा बझरची परीक्षा. चावी ऑन, इंजिन बंद. सिलेंडर हेडवर टेम्परेचर स्विच असतो. त्याला एक वायर असेल तर ती काढून ब्लॉकच्या उघड्या धातूला टेकवा. दोन असतील तर त्या एकमेकींना टेकवा. बहुतेक जुन्या इंजिनांत बझर वाजला पाहिजे. वायर शोधायला रंग उपयोगी पडतो: यामाहात ती बहुतेक गुलाबी असते, जॉन्सन-एव्हिनरूड आणि मर्क्युरीत फिकट तपकिरी. नाही वाजला तर बझर किंवा वायरिंग गेलंय, आणि तुम्ही इतके दिवस गरम होण्याच्या इशाऱ्याशिवाय माणसं नेताय. पुष्कळ इंजिनांत चावी ऑन केल्याबरोबर बझर क्षणभर आपण होऊन वाजतो. तुमच्यात तसं असेल तर रोज सकाळी तो ऐकायची सवय लावा, फुकटची तपासणी आहे.

मग नळी. वर सांगितलं तसं टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून पुढे. तिथे पंप असेल आणि जोडलेला असेल, तर टाकीतलं जुनं तेल आधी पारदर्शक बाटलीत काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बुडाला पाण्याचा थर किंवा गोळे दिसले तर नवल नाही. आपल्या हवेत पावसाळ्याचे महिने उभी राहिलेली टाकी आतून घाम धरते, पाणी तेलाखाली जाऊन बसतं, आणि पंप ओढतो ते बुडातूनच. बुडाशी जाळी असेल तर धुवा. टाकी नव्या तेलाने पूर्ण भरा. नळी रिकामी झाली असेल तर पंपावर हवा काढायचा स्क्रू असतो, तो सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू द्या. ही पायरी वगळून पुष्कळांनी चांगला पंप 'खराब' ठरवलाय. थ्रॉटल हलवून पंपाचा दांडा त्याबरोबर हलतो का, आणि दोन्हीकडच्या खुणा जुळतात का, हेही बघून घ्या.

आता टाकीवर तेलाच्या पातळीला इलेक्ट्रिकलची टेप चिकटवा. बाबांचं मिक्स पेट्रोल चालूच राहील. फक्त पेट्रोलचा हिशेब लिहा. ४० लिटर जळल्यावर झाकण उघडून बघा आणि माप घेऊन टेपपर्यंत परत भरा. किती मावलं? तुमच्या फेऱ्यांच्या मानाने ४०० मिलीच्या आसपास किंवा जास्त मावलं तर पंप जिवंत आहे. अगदीच थोडं मावलं तर पंप कमजोर आहे किंवा दांडा चुकीचा बसलाय. काहीच मावलं नाही तर उत्तर मिळालं.

पंप जिवंत निघाला तर माझं मत स्पष्ट आहे: ठेवा. आणखी दोन-तीन कॅन टेपचा हिशेब जुळू द्या आणि मग बाबांचं मिक्स बंद करा. मिक्समध्ये माणूस चुकतो. सीझनच्या गर्दीत एक कॅन तुम्ही भरता, एक भाऊ भरतो, एक कोणी पोरगा भरून आणतो, आणि 'तेल टाकलं का' याला तिघेही 'हो वाटतं' म्हणतात.

पंप मेलेला किंवा काढलेला निघाला, तर मात्र मी तुमच्या मेकॅनिकच्या बाजूने आहे. या वयाच्या इंजिनाला नवा पंप शोधत फिरण्यात अर्थ नाही, आणि जुन्या भंगारातून आणलेल्या पंपावर माणसांचा जीव टाकायचा नाही. प्रीमिक्सवर, म्हणजे पेट्रोलमध्ये आधीच तेल मिसळण्यावर, जा. पण नीट जा. पंप क्रँकवरच्या गिअरने फिरणारा असेल तर तो नुसता कोरडा फिरत ठेवू नका, कोरड्या पंपाची झीज होऊन तुकडे आत जातात. तो काढून भोकावर झाकणपट्टी बसवा. तेल आत जायच्या जागा बंद करा, नाहीतर इंजिन तिथून हवा ओढेल आणि मिश्रण पातळ होईल. तेलाच्या फ्लोटची वायर सुटी करून टेप मारा. टेम्परेचर स्विचच्या वायरीला हात लावू देऊ नका. आणि काम झाल्यावर वरची बझरची परीक्षा मेकॅनिकला तुमच्या डोळ्यांसमोर परत करायला लावा, पैसे त्यानंतर.

तिसरा रस्ता, म्हणजे कर्ज काढून नवं फोर-स्ट्रोक, तुम्ही विचारलेला नाही आणि मीही सुचवत नाही. या इंजिनाचे अजून दोन सीझन निघतील.

प्रीमिक्सवर गेलात तर बाबांचा अंदाज मात्र बंद. त्यांचा हात बसलेला असेल, मला शंका नाही. पण तो हात कोणत्या बाटलीवर बसलाय? तुम्ही लिहिलं नाहीत. पेट्रोल पंपावर मोटरसायकलचं टूटी मिळतं, ते असेल तर बदला. मोटरसायकलचं इंजिन हवेने थंड होतं आणि बरंच तापतं, त्याचं तेल त्यासाठी केलेलं असतं. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्याने थंड होतं, ५०-६० अंशांच्या आसपास चालतं. तिथे ते तेल नीट जळत नाही, राख आणि कार्बन मागे ठेवतं. बाटलीवर टीसी-डब्ल्यू ३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या तेलाची खूण) लिहिलेलं असलं पाहिजे, ब्रँड कोणताही चालेल. महाग आहे, मान्य. पण नव्या बोर-पिस्टनच्या बिलापुढे काही नाही.

माप साधं आहे. २० लिटरच्या कॅनला ४०० मिली. आधी कॅनमध्ये चार-पाच लिटर पेट्रोल, मग तेल, झाकण लावून हलवायचं, मग बाकीचं पेट्रोल. तेल आधी ओतून वर पेट्रोल ढकललं की तेल तळाशी चिकटून राहतं. हे काम किनाऱ्यावर करा, होडीत नाही. मिक्सच्या कॅनवर तेलरंगाने मोठं 'मिक्स' लिहा. टीसी-डब्ल्यू ३ ला बहुधा निळसर-हिरवट रंग असतो, त्यामुळे मिक्स पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरलं की रंगावरून कळतं. शंका आली तर बाटली भरून बघा, कोणाला विचारू नका.

आणि एक नवी गोष्ट, जी बाबांच्या काळात खरोखरच नव्हती. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. कॅनमध्ये पाणी गेलं, झाकण सैल राहिलं, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतं आणि तळाशी वेगळा थर होतो. बाबांनी घातलेलं तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. इंजिनाची नळी तळातून ओढते. म्हणजे ४०० मिली तेल मापून घातलं असतानाही इंजिनाला कोरडा घोट जाऊ शकतो, आणि त्यासाठी जगात कुठलाही बझर नाही. त्यामुळे मिक्स आठवड्याभरात संपेल एवढंच करा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लाइनवर बसवा, आणि सीझन बंद करताना उरलेलं मिक्स पुढच्या सीझनसाठी ठेवू नका. जुन्या रबरी नळ्याही या पेट्रोलने मऊ पडतात, फुगतात. दाबून बघत चला.

बाहेर असताना बझर वाजला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्यासारख्या अनेकांना लागेल. पहिलं काम थ्रॉटल खाली आणायचा. लगेच मागे वळून पाण्याची धार बघा. धार नाही किंवा वाफाळतेय, तर इंजिन बंद, नांगर टाका, इंजिन वर उचला आणि जाळीवरची पिशवी, शेवाळ काढा. लगेच चालू करू नका, थंड होऊ द्या. धार चांगली असेल तर तेलाची टाकी बघा. एक लिटर टीसी-डब्ल्यू ३ ची सीलबंद बाटली होडीत कायम हवी, लाइफ जॅकेटांच्या बरोबरीने. पंपच गेल्याची शंका असेल तर तेल सरळ पेट्रोलच्या टाकीत, लिटरला २० मिली, टाकी हलवून. मात्र नळीत आणि कार्बोरेटरमध्ये आधीचं कोरडं पेट्रोल शिल्लक असतं, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं अगदी हळू. या सगळ्याला एक अपवाद आहे. फुटणाऱ्या लाटांत असाल, होडी आडवी व्हायची भीती असेल, तर आधी लाटांतून बाहेर पडा, इंजिन जळालं तरी चालेल. ते परत बांधता येतं.

पर्यटकांचं म्हणाल तर त्यांना निघतानाच सांगून टाका: 'हा इशाऱ्याचा बझर आहे, वाजला तर आपण हळू होणार आणि मी इंजिन बघणार, घाबरायचं काही नाही.' चावी फिरवताना एकदा वाजवूनही दाखवा. माणसं आवाजाला घाबरत नाहीत. आवाज झाल्यावर तांडेलाचा चेहरा पडतो, त्याला घाबरतात.

राहिला घरचा वाद. तुम्ही विचारलंत, कोणाचं ऐकू. तिघांनीही तुम्हाला इंजिन न उघडता सल्ला दिला, आणि तिघांतल्या कोणालाच टाकी उतरत नाही हे ठाऊक नव्हतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं. मेव्हण्याला फोन करून हे एवढं सांगा. जहाजावरचा माणूस आहे, पातळी उतरत नाही म्हटल्यावर पुढचं तो स्वतःच बोलेल. बाबांना सांगायला जरा जास्त जड जाईल, कारण दिवाळीपासून तुम्ही त्यांच्या तेल ओतण्यावर बोलत असाल, आणि त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेऊन ओतणं चालू ठेवलंय. त्यांना टेप लावायला बोलवा. माप घेऊन टाकी परत भरायचं काम त्यांच्याच हाताने होऊ द्या. उतरलं तर त्यांना इंजेक्शन पटेल, नाही उतरलं तर तुम्हाला ते पटतील.

४० लिटर जळल्यावर किती मिली मावलं ते मला कळवा. आणि ती नळीच्या टोकाला बोल्ट आहे का, तेही.